फाळक्यावरचं कुत्रं

आमच्या घरात सगळ्यांत आधी नाव कमावलं ते कुत्रीनं. त्याआधीही गाव आम्हाला ओळखत होतं, पण ते अप्पांच्या ब्रशामुळं, आणि ब्रशाची ओळख काम संपलं की संपायची.

अप्पा म्हणजे माझे वडील. हुमनाबादला हायवेच्या कडेला लॉऱ्यांच्या बॉडी बांधणारं एक गॅरेज होतं, तिथं ते पेंटर होते. लॉरी गॅरेजात नुसत्या लाकडाची उभी राहायची आणि बाहेर पडायची ती नवरीसारखी नटून. केबिनच्या डोक्यावर कमळ, दारांवर मोर आणि मागच्या फाळक्यावर, माल उतरवताना उघडतात त्या फळीवर, मालक सांगेल ते जनावर. अप्पांना कानडी, देवनागरी आणि उर्दू, तिन्ही अक्षरं काढता यायची. उर्दू वाचता येत नव्हतं, नुसतं काढता यायचं. त्यात कधी चूक निघाली नाही, किंवा निघाली असेल तर कुणी आम्हाला सांगितली नाही.

जनावरांची मागणी ठरलेली असायची. वाघ सगळ्यांना हवा. त्याखालोखाल गाय-वासरू, मग गरुड, मग हंस. ज्यांनी जन्मात वाघ पाहिला नाही ते ड्रायव्हर वाघाच्या मिशांवरून अप्पांशी हुज्जत घालायचे. म्हैस कुणी मागितली नाही, जिच्या दुधाचा चहा पिऊन ही सगळी मंडळी लॉऱ्या हाकायची. गाढव नाही, आणि कुत्रं तर नाहीच. मी एकदा विचारलं, "अप्पा, तुमी कुत्रं कामून काढत न्हाई?"

"कुत्रं रोज फुकट दिसतंय की," अप्पा म्हणाले. "फुकट दिसतंय त्येचं चितर कोन काढून घेतंय?"

ही फुकटची कुत्री आमच्या दारात आपणहून आली. तांबूस अंगाची, हाडं मोजून घ्यावीत अशी. डावा कान अर्धाच होता, कारण बसस्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं तिच्यावर उकळतं पाणी फेकलं होतं. त्यात आपण काही वाईट केलं असं त्याला वाटलं नसणार. हॉटेलात कुत्रं शिरलं की पाणी फेकायचं, ही रीतच होती. आम्ही शाळेत 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' असा निबंध घोकायचो, आणि शाळा सुटली की तीच पोरं खिशात खडे भरून कुत्र्यांच्या मागं लागायची. पुस्तकातला कुत्रा आणि रस्त्यावरचं कुत्रं एकच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मायला तिचं येणं अजिबात पसंत नव्हतं. आमचं मूळ गाव तिथून जवळच. गावातली मेलेली ढोरं ओढून नेण्याचं काम आमच्या आजोबांकडं होतं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरानं ते काम टाकलं. त्यापायी गावात राहणं कठीण झालं, म्हणून अप्पा ब्रश घेऊन हायवेला आले. मायच्या डोक्यातून मात्र गाव गेलं नव्हतं.

"गावात आपल्याला आन कुत्र्याला वाढायची तऱ्हा एकच व्हती," ती म्हणायची. "वरून टाकायचं. इथं आल्यावरबी तीच शेजारीन पायजे का मला?"

अप्पा ब्रश धुवत बसायचे. कुत्री जायची नाही. आणि माय संध्याकाळी उरलेली भाकर तिला द्यायची ती वरून टाकायची नाही, खाली वाकून दगडावर ठेवायची. हे माझ्या लक्षात यायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला गावाबाहेरच्या माळावर तंबू टॉकीज लागायचं. तंबूचा मालक बिदरकडचा, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड, आणि मनानं भित्रा. प्रत्येक पिक्चर पडणार अशी त्याची खात्री असायची. पिक्चरच्या डब्यांबरोबर हैदराबादहून फोटोंचं पुडकं यायचं, ते बघून अप्पा कापडावर मोठं चित्र रंगवायचे आणि ते चौकात लागायचं.

त्या वर्षी एका पिक्चरचे डबे बसमधून उतरले, पण फोटोंचं पुडकं उतरलं नाही. अण्णा घामाघूम होऊन आमच्या दारात आले.

"पेंटर, कुत्र्याचं पिक्चर हाय. कुत्रं लेकराला वाचवतंय. येवढंच ठावं हाय मला. उद्या बोर्ड लागला पायजे."

"कसलं कुत्रं?" अप्पांनी विचारलं.

"कुत्र्यासारखं कुत्रं."

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. आमची कुत्री दारातल्या उन्हात लोळत होती. त्यांनी तिच्याकडं बघून काढायला सुरुवात केली. मी शेजारी बसून सरस ढवळत होते. कापडावर आधी डोळे आले, मग नाक, मग तो अर्धा कान. मी म्हटलं, कान तरी पुरता काढा. अप्पा म्हणाले, "पुरता काढला तर ती सोताला वळखायची न्हाई." ते माझी थट्टा करत होते, पण कान त्यांनी अर्धाच ठेवला. कुत्रीच्या पायांशी एक गुटगुटीत लेकरू काढलं आणि मागं आग लावून दिली. आग का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आग बरी दिसते, म्हणाले.

चित्र चौकात लागलं आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी ओळखलं. ही तर पेंटरची कुत्री. बघता बघता बातमी पसरली की पेंटरची कुत्री पिक्चरमध्ये आहे. अण्णांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले असणार, कारण तासाभरात टांगा आमच्या दारात उभा. टांग्यावर भोंगा, टांग्यात कुत्री, तिच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि तिनं उडी मारू नये म्हणून तिला कवटाळून बसलेली मी. आम्ही सगळा गाव फिरलो. भोंग्यातून अण्णा ओरडत होते, "हिरो बघा, हिरो!" आमच्या कुत्रीला तोवर नाव नव्हतं. मायनं ठेवू दिलं नव्हतं, नाव ठेवलं की ती राहणार म्हणून. त्या दिवसापासून तिचं नाव हिरो पडलं. हिरो आली, हिरो झोपली, हिरोला पिल्लं झाली, असं पुढं सगळा गाव म्हणायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

संध्याकाळच्या खेळाला तंबू खच्चून भरला. पडद्यावर कुत्रं आलं ते वासराएवढं, अंगभर केस लोंबणारं, कुठल्याशा थंड मुलखातलं. तंबूत कुजबुज सुरू झाली. अण्णा मागं उभे राहून तोंड पुसत होते, कारण तंबू फाडायला लोकांना फार निमित्त लागायचं नाही. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ह्ये डुप्लिकेट हाय. आपली खरी." सगळा तंबू हसला आणि प्रकरण तिथंच मिटलं. लोकांनी पिक्चरभर त्या केसाळ कुत्र्याच्या जागी आमची हिरोच पाहिली. शेवटी कुत्रं लेकराला पुरातून ओढून काढतं तेव्हा बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू यायला लागले. माझ्या शेजारी माय बसली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मी बघतेय म्हटल्यावर कचरा गेला म्हणाली. आग कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हिरो रस्त्यानं चालली की टांगेवाले टांगा बाजूला घ्यायचे. खडे मारणारी पोरं तिला पाव आणून द्यायची. आणि नुसती तिला नाही. गावातली बाकीची कुत्रीही त्या उन्हाळ्यात जरा बरे दिवस बघत होती, कारण कोण जाणे, त्यातलं एखादं तिचं भाऊबंद असायचं. ज्या हॉटेलवाल्यानं पाणी फेकलं होतं तो तिला आत, गल्ल्याशेजारी बसवून जिलेबी घालायला लागला. तिच्या अर्ध्या कानावरून हात फिरवत तो गिऱ्हाईकांना सांगायचा की शूटिंगमध्ये लागलं असणार.

त्याच हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी होती. बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा बाहेर उभं राहून प्यायचा आणि कप आपला आपण विसळून ठेवायचा. एके सकाळी मी अप्पांबरोबर होते. हिरो आत बसून जिलेबी खात होती आणि अप्पा बाहेर कप घेऊन उभे. अप्पांना हसू फुटलं. मला आलं नाही, मला इतका राग आला होता की कोनाड्यातल्या बश्या फोडाव्यात असं वाटत होतं.

अप्पा तसेच हसत हॉटेलवाल्याला म्हणाले, "तिला आत जागा दिलाव. तिच्या मालकाला कुठं बसवताव?"

हॉटेलवाला खाली बघून कढईत झारा फिरवत राहिला. बाकावर एक हैदराबादकडचा लॉरीवाला बसला होता, अप्पांनी त्याच्या लॉरीवर गरुड काढला होता. तो सरकला आणि म्हणाला, "आओ पेंटर, इधर बैठो." अप्पा आत गेले आणि बसले. त्यानंतर कोनाड्यातले कप मला दिसले नाहीत. याबद्दल मी हॉटेलवाल्याचे आभार मानत नाही. ती जागा आमचीच होती, उशिरा मिळाली एवढंच. आभार मानायचे तर मी त्या लॉरीवाल्याच्या सरकण्याचे मानीन, आणि हिरोचे, की आत जाऊन तिनं बाहेरचं सगळं उघडं पाडलं.

पुढच्या उन्हाळ्यात तंबू पुन्हा लागला. या वेळी फोटोंचं पुडकं वेळेवर आलं. पिक्चर भुताचं होतं. मेलेल्या जमीनदाराचं कुत्रं एकेकाच्या नरडीचा घोट घेतं, असं काहीसं. अण्णांना चौकात फळ्या जोडून, कापून काढलेलं उभं चित्र हवं होतं, नुसतं कुत्र्याचं. अप्पांनी जीव ओतून काम केलं, ते मला कबूल करायलाच हवं. जबडा उघडा, सुळे बाहेर, डोळ्यांत लाल. तो लाल रंग त्यांनी पुन्हा पुन्हा मिसळला, मनासारखा होईना म्हणून. चित्र उभं राहिलं तेव्हा मी मैत्रिणींना ओढून ओढून दाखवलं. आमच्या अप्पांनी काढलंय.

पोरं त्या चौकातून जाईनाशी झाली. मग त्यांची भीती मोडावी म्हणून मोठी माणसं त्यांच्या हातात दगड द्यायला लागली. आधी चित्राला मारायचे, मग चित्रासारख्या दिसणाऱ्या काळ्या कुत्र्यांना, मग दिसेल त्याला. अशातच जवळच्या एका खेड्यात पिसाळलेलं कुत्रं चावून माणूस दगावल्याची बातमी आली. ती खरी होती आणि त्या रोगाची भीतीही खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण लोक रोगाबद्दल बोलतच नव्हते. चौकातल्या कुत्र्याबद्दल बोलत होते. डोळे तसेच लाल होते म्हणायचे, ज्यांनी ते कुत्रं पाहिलं नव्हतं तेसुद्धा.

मग कुत्री मारणारी माणसं आली. कुणी पाठवली होती ते मला ठाऊक नाही. हातात लांब लोखंडी चिमटे आणि मागं छकडा. शाळा सुटून मी येत होते. बसस्टँडपाशी गर्दी बघून मी पळत सुटले, कारण त्या वेळी हिरो हॉटेलातच असायची.

ती बाकाखाली होती. चिमटेवाला वाकलेला आणि हॉटेलवाला त्याच्यापुढं झारा घेऊन आडवा उभा. हाच तो, पाणी फेकणारा.

"ही न्हाई," तो म्हणत होता. "ही पिक्चरची हाय."

"कुत्रंच हाय की."

"लेकराला वाचवलंय तिनं. इचार कुनालाबी."

लोक व्हय व्हय करायला लागले. जिनं जन्मात कुणा लेकराला वाचवलं नव्हतं तिच्या बाजूनं अर्धा बसस्टँड साक्षीला उभा राहिला. चिमटेवाल्यानं निरखून पाहिलं. मग त्यालाही आठवलं. त्यानंही ते पिक्चर पाहिलं होतं. "ती कानाची व्हय," असं म्हणून तो मागं सरला.

मी तिला जाऊन मिठी मारली आणि रडले. गर्दीत अप्पा होते. गॅरेजातून तसेच धावत आलेले, हात निळ्या रंगानं भरलेले. मला वाटलं, संपलं, वाचली. तेवढ्यात चिमटेवाल्यानं हॉटेलच्या मागून दुसरं एक कुत्रं ओढून काढलं. ते हिरोचंच होतं, आदल्या वेतातलं, तिच्याच तांबूस रंगाचं. दोन्ही कान धड.

अप्पा पुढं झाले. "ह्ये सोडा. ह्ये तिचंच लेकरू हाय."

चिमटेवाला वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्यानं अगदी सरळ विचारलं, "ह्येचं पिक्चर कोन्तं?"

  त्या कुत्र्याचं कुठलंच पिक्चर नव्हतं. ते छकड्यात गेलं.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, चौक भरलेला असताना, त्यांनी शिडी लावली आणि भुताच्या कुत्र्याचं तोंड मिटवायला घेतलं. सुळ्यांवर काळा रंग चढवला. ओठ खाली आणले. डोळ्यांतला लाल काढून तिथं साधा तपकिरी भरला. कुणीतरी जाऊन अण्णांना सांगितलं. ते धापा टाकत आले.

"पेंटर, ह्ये काय करायलास? लोकं दात बघायला येतेत."

"दात मीच काढलो, अण्णा," अप्पा शिडीवरूनच म्हणाले. "मीच मिटवायलो. लोकं येतेल. न्हाई आले तर माझी मजुरी देऊ नका."

अण्णांनी शिडीला हात घातला. हा माणूस एका रिकाम्या खुर्चीपायी रात्रभर न झोपणारा. मला वाटलं, आता शिडी ओढतो. पण ते म्हणाले, "डावा डोळा राहिलाय बघ," आणि निघून गेले. पिक्चर उतरेपर्यंत ते कुत्रं तोंड मिटून चौकात उभं होतं, आणि अप्पांची मजुरी अण्णांनी पुरती दिली. अण्णांचे मात्र मी मनापासून आभार मानते. त्यांच्या धंद्याचे दात होते ते.

पुढच्या गोष्टीला मी अप्पांची लबाडी म्हणते, आणि त्या लबाडीवर माझा फार जीव आहे.

एका लॉरीवर त्यांनी मालकानं सांगितलेला वाघ काढला आणि काम संपल्यावर फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढं, अर्ध्या कानाचं तांबूस कुत्रं काढलं. ड्रायव्हरनं विचारलं, हे कशाला? अप्पा गंभीर तोंड करून म्हणाले, "ह्ये फुकट हाय. पर गाडीवर कुत्रं बसलं की त्येच्या नावानं रोज वाटंतल्या कुत्र्याला भाकर घालावी लागतीया. न्हाई घातली तर रंग उडतोय."

बंपरला लिंबू-मिरची आणि काळी चप्पल बांधणारी माणसं ती. त्यांना हे पटायला कितीसा वेळ लागणार? त्यानंतर आमच्या गॅरेजातून कुत्र्याशिवाय लॉरी बाहेर पडली नाही. काही महिन्यांनी एक ड्रायव्हर तणतणत आला, रंग उडाला म्हणून. उडाला होता तो हायवेच्या उन्हानं आणि मालकानं हलकं वार्निश आणलं म्हणून. अप्पांनी शांतपणं विचारलं, "भाकर घातलावता?" ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, मधले काही दिवस राहिलं. अप्पांनी मग त्याला फाळका नव्यानं रंगवून दिला. घरी येऊन ही गोष्ट सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मायनं पाणी दिलं आणि म्हणाली, "लोकास्नी फसवायलाव." अप्पा म्हणाले, "व्हय. पर कुत्री जेवायलीत."

हिरो म्हातारी होऊन घरीच गेली. सकाळी दारातल्या दगडापाशी पडलेली सापडली. अप्पांनी तिला उचलायला हात घातला तर माय आडवी आली.

"आपन मेलेलं वढायचं सोडलाव," ती म्हणाली.  "दीक्षा घेतलाव तवा सोडलाव. आता पुन्हा?"

तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आजोबांच्या खांद्यावरचे दोराचे वळ तिनं पाहिले होते. अप्पांनी हात मागं घेतला.

"वढायचं न्हाई," ते म्हणाले. "उचलून न्यायचं हाय. ते गावाचं काम व्हतं. ही घरची हाय."

माय आत गेली. मला वाटलं रुसली. ती बाहेर आली ती स्वतःचं जुनं धुतलेलं लुगडं घेऊन, आणि त्यात तिनं स्वतः हिरोला गुंडाळलं. गॅरेजच्या मागच्या चिंचेखाली आम्ही तिला पुरलं. हॉटेलवाला आला होता. जिलेबीचा पुडा घेऊन आला होता आणि त्याचं काय करावं हे न सुचून तसाच हातात धरून उभा होता.

मग राज्याचं नाव बदललं, मी शिकून गुलबर्ग्याला शाळेत नोकरीला लागले, लग्न झालं. तंबू टॉकीज बंद पडलं. अप्पाही गेले. घरोघर टीव्ही आले आणि टीव्हीतल्या घरांत पांढरी लोकरीसारखी कुत्री सोफ्यावर बसायला लागली. माझ्या वर्गातल्या पोरींनाही तसलीच हवी असायची. एकीच्या वडिलांनी आणलंही, आणि गुलबर्ग्याच्या मे महिन्यात ते गच्चीवर साखळीला बांधलं. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. पोरीचे वडील म्हणाले, बाई, टीव्हीत तर हसत असतं. मला अप्पांची शिडी आठवली. टीव्हीला शिडी लावता येत नाही. मी त्या पोरीला घेऊन गच्चीवर गेले, कुत्र्याला खाली मोरीपाशी आणलं, आणि पाण्याचं भांडं भरून ठेवायला तिला शिकवलं. मला जमण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते अप्पांमुळं जमलं.

अलीकडं मायला भेटायला म्हणून मी बसनं हुमनाबादला निघाले होते. गावाच्या अलीकडं बस बंद पडली. समोर ढाबा होता, लॉऱ्या लागलेल्या. एका नव्या कोऱ्या लॉरीच्या फाळक्यावर वाघ होता, वाईट काढलेला, मिशा मांजराच्या. मी सवयीनं खालच्या कोपऱ्यात पाहिलं आणि माझे पाय जागीच थांबले. तिथं कुत्रं होतं. तांबूस, आणि डावा कान अर्धा.

ड्रायव्हर पोरसवदा होता. खाटेवर जेवायला बसला होता. ताट आलं तसं त्यानं पहिल्यांदा भाकरीचा चतकोर मोडून बाजूला काढला. मी जवळ जाऊन विचारलं, "गाडी कुठं रंगवलास?"

"उदगीरला, अक्का."

"हुमनाबादच्या पेंटरनं?"

"न्हाई, न्हाई. तिथलाच हाय पेंटर. नवा पोरगा हाय."

मी फाळक्याकडं बोट केलं.  "त्या कुत्र्याचा कान असा कामून?"

त्यानं वळून पाहिलं. मग माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकल्यासारखं दिसणारं माणूस हे काय विचारतंय.

"कुत्र्याचा कान असाच काढत्यात की, अक्का," तो म्हणाला.

 सांगण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी कळेना, आणि डोळे भरून आले होते. त्याला वाटलं मला भूक लागली असावी किंवा माझं काही बिनसलं असावं. त्यानं तो बाजूला काढलेला चतकोर माझ्या हातात दिला. "घ्या, आज तुमी घाला," म्हणाला. "रंग टिकतोय."

ढाब्याच्या मागं एक कुत्रं मान खाली घालून उभं होतं, जवळ यावं की पळावं या विचारात. मी खाली वाकून भाकर दगडावर ठेवली आणि मागं सरले. ते आलं आणि खायला लागलं. त्याचे दोन्ही कान धड होते, आणि त्याचं कुठलंच पिक्चर नव्हतं.